चुकार चकत्यांची मावशी

हौसामावशी सापडलेली वस्तू कधीच कुणाला नेऊन द्यायची नाही. ज्याची असेल त्यानं तिच्या दारात यावं, बसावं, वस्तूची खूण सांगावी आणि मग न्यावी, असा तिचा कायदा होता. आणि एवढ्याच कारणावरून आम्ही, म्हणजे शिकल्यासवरल्या, रविवारी पांढरे बूट घालून खेळायला जाणाऱ्या माणसांनी, तिला चोर ठरवलं. त्यात मीही होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याविषयी प्रेमानं लिहीन तेव्हा माझ्याबद्दल तुमचं उगाच चांगलं मत व्हायला नको.

आम्ही खेळायचो त्या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. नावानं दचकू नका. चेंडूऐवजी बशीएवढी प्लॅस्टिकची चकती, आणि जमिनीतल्या भोकाऐवजी खांबाला लावलेली साखळ्यांची टोपली. चकती लांबून फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, टोपलीत जाईपर्यंत. टाकवे बुद्रुकच्या पुढे एका रिसॉर्टच्या मालकानं डोंगरउतारावर अशा नऊ टोपल्या उभ्या केल्या होत्या. परदेशात नोकरी करून आलेल्या आणि आता कुसगावला बंगला बांधून राहिलेल्या एका गृहस्थांनी तिथं आमचा क्लब काढला. त्यांना सगळे कप्तान म्हणायचे. मी घोरावाडीला राहते, तळेगावच्या एका शाळेत गणित शिकवते. पन्नाशीला गुडघे बोलायला लागले तसं डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि नुसतं चालायचा मला कंटाळा, म्हणून मी या भानगडीत पडले. वर्गात कोन शिकवणाऱ्या बाईची चकती दर वेळी उजवीकडेच जायची. उजवीकडे कुंपण, आणि कुंपणापलीकडे हौसामावशीची भाताची खाचरं.

चकतीच्या पाठीवर मालकानं आपलं नाव आणि मोबाईल नंबर लिहून ठेवायचा, अशी या खेळात पद्धत आहे. सापडली तर सापडणाऱ्यानं फोन करावा. माझी पहिली चकती हरवली त्याच्या तिसऱ्या दिवशी एका अनोळखी नंबरवरून चार मिस्ड कॉल आले. मला वाटलं कर्जवाले. पाचव्यांदा वैतागून उचलला, तर पलीकडून एक खणखणीत आवाज, "तुमची चकती माज्याकडं हाय. या." मी म्हटलं, "अहो, मग रविवारी मैदानावर आणून देता का?" त्यावर, "न्हाई. तुमी या." फोन बंद. काय आगाऊ बाई आहे, असं मी स्टाफरूममध्ये दोघीतिघींना सांगितलंसुद्धा.

रविवारी गेले. कुंपणाच्या फटीतून वाकून पलीकडे, दोन बांध ओलांडून, गोठ्याला लागून दोन खोल्यांचं घर. दारात हौसामावशी: उंचीनं बेताची, रंगानं काळीसावळी, नऊवारीचा ओचा वर खोचलेला आणि मान कायम जमिनीकडे झुकलेली. शेतात चालताना पायाखालचा गोम-विंचूच काय, पडलेली सुईसुद्धा दिसेल अशी तिची नजर. तिनं मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि चौकशी सुरू केली.

"रंग कंचा?"

"नारिंगी."

"खूण?"

"खूण कसली मावशी? पाठीवर माझं नाव आहे, नंबर आहे. त्याच नंबरवर तर तुम्ही फोन केलात!"

"नाव काय, कुनीबी सांगंल. खूण सांगा."

मला आठवलं, आमच्या कुत्र्यानं तिची कड चावली होती. तसं सांगितलं.

"दात किती?"

"तीन... असतील."

ती आत गेली, चकती आणली, उजेडात धरून बोटानं मोजलं. "चार हायत. पर ऱ्हाऊ द्या. एखादा इसरतो मानूस." आणि चकती माझ्या हातात ठेवली. राखेनं घासून इतकी लख्ख केली होती, की दुकानातून घेतली तेव्हाही ती तशी नव्हती.

मी पर्समधून पन्नासची नोट काढली. तिनं नोटेकडे असं बघितलं, जसं मी वहीत चुकीच्या उत्तराकडे बघते. म्हणाली, "ह्ये कशाचं?"

"तुम्ही सांभाळलीत म्हणून."

"हे बगा बाई. कुनाचं जनावर चुकार झालं, आपल्या रानात आलं, तर आपुन बांधतो. मालकाला सांगावा धाडतो. तवर ते आपली वैरन खातं. म्हून मालक येताना गवताची पेंढी घिऊन येतो. ह्यी तुमची चकती येवढं दिस माज्यात व्हती. काय खाल्लं तिनं?"

"काही नाही."

"मंग?"

तीस वर्षं गणित शिकवतेय, पण असा हिशोब मी कधी मांडला नव्हता. पन्नासची नोट मुकाट्यानं पर्समध्ये गेली.

पुढे माझी ये-जा वाढली. खोटं कशाला बोलू, एक-दोन वेळा मी मुद्दामच उजवीकडे फेकली. सातव्यांदा गेले तरी ती मला रंग आणि खूण विचारायचीच. मी म्हणायचे, "मावशी, आता तरी ओळखता ना मला?" त्यावर, "तुमास्नी वळकते. चकतीचं काय?" तिच्या लेखी आमच्या चकत्या म्हणजे गुरंच होती. गोठ्यात उंचावर एक फळी होती, तिच्यावर त्या ओळीनं पालथ्या ठेवलेल्या असायच्या, एकीला दुसरी लागू न देता. एकदा मी बघितलं, दुधाच्या पातेल्यावर झाकण नव्हतं म्हणून ती चपटा दगड शोधत फिरत होती. वर फळीवर पाच चकत्या, पातेल्यावर नेमक्या बसतील अशा. मी म्हटलं, "अहो, ती घ्या की तेवढ्यापुरती." ती एकदम गंभीर झाली. "दुसऱ्याचं जनावर बांधायचं, पर जुपायचं न्हाई." आणि दगड धुऊन पातेल्यावर ठेवला.

खेळाविषयी तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. "येवढ्या लांबनं फेकायचं, मंग दिसभर हुडकायचं. ती टोपलीच जवळ आना की," असं ती मला दर वेळी समजावायची. पण हसायची नाही. आमच्या खुळालाही काहीतरी कारण असेल, आपल्याला कळत नाही, एवढं धरून चालायची. आम्ही तिच्याबाबतीत कधी एवढं धरून चाललो नाही.

आणून का देत नाही, हे मी तिला एकदा विचारलं होतं. तेव्हा तिनं सासूची गोष्ट सांगितली. सासूला एकदा पलीकडच्या वाडीतली शेळी सापडली. शेळी गाभण, तिला चारा पुरेना, म्हणून सासू स्वतःच तिला घेऊन मालकाच्या दारात गेली. दारात चारचौघं बसली होती. मालकानं शेळी घेतली आणि सगळ्यांदेखत सासूच्या हातावर एक रुपया ठेवला. "सासू पुन्यांदा त्या वाटंला गेली न्हाई बगा, मरस्तवर. आपुन त्येच्या दारात न्हेलं म्हंजी हात फुडं केल्यागत झालं. त्यो आला तर त्यो मालक आन् आपुन मानसं. आपुन गेलो तर आपुन मागत्ये." मग थोड्या वेळानं म्हणाली, "माज्याकडं काय हाय बाई? दोन खाचरं आन् नाव. नावाला डाग नगं." हे ती साधं, भाकरी थापता थापता बोलली होती. मीच त्या वेळी नीट ऐकलं नाही.

आता माझं शहाणपण सांगते. आमच्या क्लबच्या ग्रुपवर एकदा मोठा वाद झाला. चकती परत करणाऱ्यानं बक्षीस मागणं बरं दिसतं का? कुणी म्हणे, मागू नये, पण मालकानं द्यावं. कुणी म्हणे, न मागता दिलं तरच ते बक्षीस, मागून घेतलं तर खंडणी. कप्तान म्हणाले, परदेशात लोक नुसतं ‘थँक यू’ म्हणतात आणि फार तर एखादी जुनी चकती देतात, पण इथं ते चालायचं नाही, इथं रेट ठरवायला पाहिजे. मला मावशी आठवली. दर वेळी माझी नोट परत करणारी. मला वाटलं, माझ्याकडून घ्यायला लाजते, पण क्लबचा नियमच असला तर घेईल बिचारी. तिच्या सुनेला, लक्ष्मीला, रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात काम मिळायचं ते रोज नसायचं. म्हणून मीच फळा रंगवला. शाळेत सुविचार लिहिते त्याच वळणदार अक्षरात: ‘हरवलेली डिस्क आणून देणाऱ्यास रु. १०० बक्षीस.’ कुंपणाला, बरोबर तिच्या खाचराच्या अंगाला लावला. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते, की काही विचारू नका.

पुढच्या रविवारी मावशी बांधावर वाट बघत उभी होती. मैदानाच्या इतक्या जवळ आलेली मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

"बाई, ह्ये तुमी लिवलं?"

"हो मावशी. तुमच्यासाठीच."

"काय लिवलंय त्ये लक्ष्मीनं वाचून दावलं. ते पुसा."

"अहो, असू दे की. घेतलेत शंभर तर काय बिघडलं?"

"आता म्या फोन जरी केला तरी शंभरासाटी केला म्हनत्याल. मी बोलवू कशी? पुसा तेवडं."

"बरं. पुसते," मी म्हटलं. त्या दिवशी खेळ सुरू झाला होता, मग ऊन झालं, मग घाई झाली. पुढच्या रविवारी कप्तानांना म्हटलं की फळा काढू या का, तर ते म्हणाले, "छान आहे की! रिसॉर्टवाल्यांनाही आवडला." त्यांच्याशी कोण वाद घालणार? ‘काढते, काढते’ म्हणत मी राहिले. मग सहामाही परीक्षा आली, पेपरांचे गठ्ठे आले, दिवाळी आली, आणि दोन महिने मी तिकडे फिरकलेच नाही. फळा होता तिथंच होता.

आता हे लक्षात घ्या, पावसाळ्यात भात वाढलं की आत पडलेली चकती कुणाला दिसत नाही. दिवाळीच्या सुमाराला कापणीत विळ्यापुढे सगळ्या एकदम उघड्या पडतात. मावशीला त्या वर्षी चौदा सापडल्या. तिनं घासल्या, फळीवर लावल्या. फळ्यामुळे फोन करायची तिला चोरी. तिनं रिसॉर्टच्या वॉचमनला दोनदा सांगावा दिला, "ज्याच्या त्याला सांगा, चकत्या हायत, या म्हनावं." वॉचमन म्हणाला, "माझ्याकडे द्या, मी देतो." त्याला शंभराच्या हिशोबानं चौदाशे दिसत होते. मावशी म्हणाली, "तुजी हाय का? मंग?" वॉचमन चिडला. त्यानं आम्हाला निरोप दिलाच नाही. उलट कप्तानांना जाऊन सांगितलं, "साहेब, त्या म्हातारीनं घरात ढीग करून ठेवलाय. मागितल्या तर देत नाही. भाव वाढायची वाट बघतेय." ही सगळी हकिगत मला नंतर लक्ष्मीकडून कळली. पण नंतर कळलं, ही सबब मी सांगणार नाही. निरोपाचं मला माहीत नव्हतं, मावशी तर मला माहीत होती.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी गेले तो कप्तान तापलेले. त्यांची निळी चकती, परदेशातल्या मित्रानं दिलेली, भादव्यात हरवली होती. "चला, बघूनच येऊ," म्हणाले, आणि आम्ही नऊजण कुंपण ओलांडून निघालो. मी सगळ्यात मागे.

मावशी खळ्यावर पेंढ्या झोडत होती. एवढी माणसं एकदम येताना बघून तिचा चेहरा फुलला. हो, फुलला. तिला वाटलं, सांगावा पोचला, मालक आले. तिनं पदरानं तोंड पुसलं, लगबगीनं ओट्यावर घोंगडी टाकली, लक्ष्मीला हाक मारली, "अगं, च्या टाक, लय मंडळी आल्यात." तोवर कप्तान गोठ्यात शिरले होते. फळीवर चौदा चकत्या, ओळीनं, लख्ख. आमच्यातला एकजण म्हणाला, "दुकानच मांडलंय की!" दुसऱ्यानं मोबाईल काढून फोटो घेतला.

"ह्यातली निळी माझी," कप्तान म्हणाले आणि हात पुढे केला.

"बसा की दादा. खूण सांगा," मावशी म्हणाली.

"आमच्याच वस्तूची आम्ही खूण सांगायची? वर नाव लिहिलंय माझं!"

"नाव कुनीबी सांगंल..."

"मावशी, पन्नास पावलांवर आमचं मैदान आहे. आणून द्यायला काय झालं होतं?"

"म्या कशी आनू? तितं शंभर लिवलंय."

कप्तानांनी आमच्याकडे वळून बघितलं. "ऐकलंत? शंभर कमी पडतात!" मग पाकीट काढलं, शंभराच्या चौदा नोटा मोजल्या आणि ओट्यावरच्या घोंगडीवर टाकल्या. "हे घ्या. आणि यापुढे हा चोरीचा धंदा बंद करा. नाहीतर मला पोलिसपाटलाकडे जावं लागेल."

मावशी ‘चोरी’ या शब्दावर पहिल्यांदा थांबली. रागावली नाही. तिला वाटलं, काहीतरी घोटाळा झालाय, आणि तो उलगडून सांगणारं माणूस समोरच उभं आहे. तिनं नऊजणांत मला शोधलं आणि म्हणाली, "बाई, सांगा की ह्यास्नी."

दोन वाक्यं पुरली असती. ‘कप्तान, ही आणून देत नाही कारण आणून देणं म्हणजे बक्षीस मागणं, असं ती मानते. आणि तो फळा माझा आहे, तिनं मला तो पुसायला सांगितला होता, मी पुसला नाही.’ रोज सहा तास बोलून पोट भरणाऱ्या बाईला दोन वाक्यं जड नव्हती. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुसरं वाक्य बोलायचं म्हणजे माझं हसं होणार होतं. कपाळ माझं, दुसरं काय! मी पुढे झाले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "मावशी, जाऊ दे आता. देऊन टाका."

ती फळीकडे वळली. मग हात वर करून एकेक चकती काढली आणि कप्तानांच्या हातावर ठेवत गेली. रंग विचारला नाही, खूण विचारली नाही. त्यांत माझ्याही दोन होत्या, त्याही तिनं त्यांनाच दिल्या. लक्ष्मी आतून चहाचे कप घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. चहा कुणी घेतला नाही. जाताना मी मागे वळून बघितलं, तर नोटा वाऱ्यानं उडायला लागल्या होत्या आणि मावशी त्यांच्यावर दगड ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीनं ते पैसे रिसॉर्टच्या ऑफिसात नेऊन दिले. ऑफिसनं कप्तानांना दिले. कप्तान म्हणाले, "हे आता कुणाचे?" आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना वडापाव दिला. मीही खाल्ला. दोन खाल्ले. घशाखाली उतरले नाहीत वगैरे काही झालं नाही, चांगले उतरले. रात्रीपर्यंत मी स्वतःला समजावत होते, की मिटलं ना, कुणी पोलिसात गेलं नाही ना, मग झालं.

पण खेड्यात असं काही मिटत नाही. रिसॉर्टच्या लोकांनी हौसाच्या गोठ्यातनं माल काढला, असं गावभर झालं. फोटोही फिरला. एका साखरपुड्याला आहेराचं ताट सापडेना, तेव्हा कुणी तरी म्हणालं, "हौसाकाकूला इचारा," आणि मांडव हसला. चेष्टेनंच म्हणाले होते म्हणे. मावशी जेवणाच्या पंगतीतून उठून घरी आली. हे लक्ष्मीनं मला सांगितलं. मी त्याच दिवशी जाऊन फळा उपसून काढला. ग्रुपवर सविस्तर लिहिलं, पानभर, माझ्या चुकीसकट. तीन अंगठे आले. एकानं विचारलं की पुढच्या रविवारी नाश्ता कुणाकडे. कप्तानांचा फोन आला, "मॅडम, झालं गेलं. तुम्ही फार मनाला लावून घेता." मी क्लब सोडला. त्यानं कुणाचं काही अडलं नाही.

क्लब सोडायच्या आधी मी एकदा तिच्याकडे गेले होते. निमित्त चकतीचंच. उजवीकडे गेली होती. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "मावशी, नारिंगी आहे, कडेला कुत्र्याचे दात, चार." तिनं मान वर केली नाही. "न्हाई दिसली, बाई." चकती तिच्या दारापासून दहा पावलांवर बांधाच्या कडेला उघड्यावर पडली होती, येताना मी पाहिली होती. दिवसभरात मावशी दहा वेळा तिच्याशेजारून गेली असणार. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की मावशी आता चालताना मान ताठ ठेवते. जमिनीकडे बघतच नाही. वाटेतल्या दगडाला ठेचकाळते, पण खाली बघत नाही. गावातल्या बाकीच्यांचंही तसंच झालं असं लक्ष्मी म्हणाली. चकती दिसली की लोक लांबून जातात, नाही तर सरळ नांगराखाली जाऊ देतात. कशाला ती बिलामत, म्हणतात.

गेल्या मार्गशीर्षात मावशी गेली. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी गेली. त्याआधी शेवटची भेटले ती गौरी-गणपतीच्या दिवसांत. लक्ष्मीचा फोन आला होता, "बाई, तुमी येऊन जावा. आत्याबाई जेवत न्हाईत." मी दुपारी गेले. ती गोठ्यात बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. फळी रिकामी होती. चार दिवसांपूर्वी काय झालं, ते मी न विचारता तिनंच सांगितलं.

"वासरू आलतं बाई. सांजंचं. लय पाऊस. पांढरं, कपाळावर ठिपका. दारात हुबं राहून हंबरत व्हतं. म्या दावं घेतलं हातात. मंग म्हनलं, नगं. सकाळच्याला कुनी यील आन् म्हनंल, हौसानं बांधून ठिवलं. म्या त्याला हाकललं. जाईना, तर काठी उगारली." शेजारी पडलेलं दावं तिनं लांब सारलं. "सकाळच्याला धरनाच्या पान्यात गावलं. ज्याचं व्हतं त्यो आलता. म्हनला, हौसाकाकू, तुमच्या रानात आलं तर तुमी बांधनार, म्हून म्या रातच्याला हुडकाया निगालो न्हाई. येवडा भरोसा व्हता त्याचा. आता मी त्याला काय सांगू? आन् त्या वासराचा काय गुना व्हता?"

आणि ती रडायला लागली. आयुष्यभर कुणाचं जनावर तिनं उपाशी ठेवलं नव्हतं. मी तिच्याजवळ शेणमातीत बसले. जे बोलायचं होतं ते नऊ-दहा महिने पोटात घेऊन फिरत होते, ते शेवटी बोलले. म्हटलं, "मावशी, हे सगळं माझ्यामुळे झालं. फळा मी लावला. आणि त्या दिवशी तुम्ही म्हणालात, ह्यांना सांगा, तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही."

तिनं पदरानं डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, एखादी गोष्ट नीट आठवावी तसं.

"बोलला व्हता की बाई," ती म्हणाली. "देऊन टाका, म्हनला. आसं चोरालाच म्हनत्यात."